तारखेप्रमाणे बरोबर

म्हसा गावच्या जत्रेतून महादूने गाभण गाय आणली, त्याला पंधरवडा होत आला होता. आणि तेवढ्यात घरातली मानाची जागा तिने पटकावली होती. सकाळी उठलं की महादू आधी गोठ्यात जाई, तिच्या पोटावरून हात फिरवी, रात्रभर भिजलेली सरकीची पेंड आणि भाताचा कोंडा घमेल्यात कालवून तिच्यापुढे ठेवी, वर गुळाचा खडा टाकी, आणि तिने तोंड घातलं की मगच स्वतः चहाला बसे. गाभण जनावराच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नाय, असं त्याचं मत होतं. साऱ्या पळसपाड्याचं तेच मत होतं. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या अंगाला अशा ज्या वाड्या आहेत, तिथे जनावरांच्या बाबतीत सहसा चुकीचे विचार आढळत नाहीत.

त्याच घरात त्याची सून रुचिताही पोटुशी होती. तिची आई लहानपणीच गेली होती, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण सासरी करायचं ठरलं होतं. ती भाकऱ्या थापी, गोठा झाडी, पाणी आणी आणि दोन्ही वेळा पोटभर जेवे. सासू अंबूबाई तिला पुन्हा वाढताना, घे गो, आता दोघांचं खायाचं, असं म्हणे. घरात कुणी कुणाचं वाईट चिंतत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे जे झालं, त्यात एक जरी दुष्ट माणूस सापडला असता तरी सगळ्यांची सोय झाली असती.

रुचिताचा नवरा हितेश हा पळसपाड्यातला पहिला बी.कॉम. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तो कामाला होता. जगातल्या ज्या गोष्टी वाडीत कुणाला कळत नसत त्या हितेशला कळतात, असं वाडी धरून चालली होती. पुढे पुढे तोही तसंच धरून चालू लागला.

दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीत तो रुचिताला सोनोग्राफीला घेऊन गेला. मुरबाडला एका डॉक्टरांनी मशीन आणून फार दिवस झाले नव्हते. बाहेर बाकड्यांवर बायांची रांग होती आणि भिंतीवर, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, अशी पाटी होती. टेबलाशी बसलेल्या बाईने शेवटच्या पाळीची तारीख विचारली. रुचिताने मान खाली घालून नवऱ्याला हळूच सांगितलं की दिव्यांच्या अवसेला. तिला पक्कं आठवत होतं. त्या दिवशी तिला बाजूला बसावं लागलं होतं आणि दिवे पुजायचं काम सासूला एकटीने करावं लागलं होतं. बाईला मात्र इंग्रजी तारीख हवी होती. हितेशने डोळे बारीक करून हिशेब केला. गणपतीची सुट्टी कारखान्याने सप्टेंबरच्या मध्यावर दिली होती. दिव्यांची अवस येते गणपतीच्या महिनाभर आधी. म्हणजे ऑगस्टचा मध्य. गणित सरळ होतं.

फक्त त्या वर्षी मध्ये धोंड्याचा महिना पडला होता. श्रावण दोनदा आला होता आणि गणपती महिनाभर लांबले होते. हितेशला हे ठाऊक नव्हतं असं नाही. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान म्हणून तो स्वतः शहापूर तालुक्यात, डोळखांबला सासुरवाडीला जाऊन अनारसे खाऊन आणि शर्टाचं कापड घेऊन आला होता. पण खाल्लेले अनारसे हिशेबात धरायचे असतात, हे कॉमर्सला शिकवत नाहीत. रुचिता, अहो पण, एवढं म्हणाली. हितेशने तिला हाताने थांबवलं. तारीख लिहिली गेली आणि पोटातलं मूल कागदावर महिन्याने लहान झालं. पोटात ते आपल्या गतीने वाढतच होतं.

डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं. दिवसांच्या मानाने बाळ चांगलंच मोठं दिसतंय, तारीख पक्की आहे ना, असं त्यांनी विचारलं.

"हंड्रेड पर्सेंट, सर," हितेश म्हणाला.

मग डॉक्टरांनी सांगितलं की असंच वाढत गेलं तर शेवटी वजन चार किलोच्या वर जाईल, बाळंतपण अवघड जाऊ शकतं, तेव्हा दवाखान्यातच करा. हा अंदाज आहे, मशीनचं वजन इकडेतिकडे होतं, असंही त्यांनी सांगितलं. रक्तातली साखर तपासायला लावली; ती नीट निघाली. महिन्याभराने परत बोलावलं आणि पुढच्या बाईला आत घ्यायला सांगितलं.

त्या संध्याकाळी हितेशने ओटीवर बसून सगळ्यांसमोर रिपोर्ट वाचला. इंग्रजी वाचायचा आणि मराठीत सांगायचा. चार किलोच्या वर, हे त्याने दोनदा सांगितलं. अंदाज हा शब्द तेवढा राहून गेला. त्याने मुद्दाम लपवला असं म्हणता येणार नाही. पण आपण तालुक्याहून आणलेल्या बातमीला, ती खरी नसेलही, असं शेपूट लावायला कुणाचं मन होतं? महादूचा चेहरा फुलला. चार किलो म्हंजे पोरगाच, असं म्हणून तो टोपी घालून बाहेर पडला आणि दिवे लागायच्या आत अर्ध्या वाडीला ते कळलं. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याने डॉक्टरला बंदी होती, महादूला नव्हती.

अंबूबाई मात्र भिंतीला टेकून बसली होती, ती तशीच राहिली. मग तिने हळूच विचारलं, "मशीनला सपष्ट दिसलं काय रे, मोठं हाय म्हनून?"

"स्पष्ट," हितेश म्हणाला.

अंबूबाईला काशी नावाची मुलगी होती, हितेशहून मोठी. काशी पहिलटकरीण असताना अंबूबाईने तिचे सगळे लाड केले. गाईचं दूध, केळी, तुपातला शिरा. अंबूबाईची सासू तेव्हा जिवंत होती. ती बजावत होती की शेवटच्या महिन्यांत गर्भारणीला हात राखून वाढायचं असतं, नायतर मूल माजतं आणि अडतं. आमच्या वेळी असंच करत, असं ती म्हणे. अंबूबाईला लेकीची भूक बघवली नाही. मूल मोठं झालं आणि अडलं. डोलीत घालून चौघांनी काशीला डोंगरावरून सडकेपर्यंत आणली, पण सडकेवर पोचली ती नुसती डोली. त्या वर्षापासून अंबूबाईने देव, नवस, उपास सगळं केलं, पण एक गोष्ट तिच्या मनातून गेली नाही. लेकीला आपणच खाऊ घालून मारलं.

खरं तर हात राखून वाढायची ती जुनी रीत वाडीतून जवळजवळ गेली होती. पोटातलं मूल मोठं की लहान हे कुणालाच कळत नसे, त्यामुळे बाया मायेच्या बाजूने चूक करत. आता मशीन आलं होतं. ज्या रूढीला इतकी वर्षं पुरावा नव्हता, तिला मुरबाडहून छापील पुरावा मिळाला, फोटोसकट.

दुसऱ्या दिवसापासून रुचिताचं ताट बदललं. भाकरी अर्धी झाली. भात सकाळचा बंद आणि संध्याकाळचा मूठभर. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली म्हणजे साखरेतच काहीतरी असणार, म्हणून चहा कोरा. दूध, केळी, शेंगदाणे, गूळ, सुकट, सगळ्यावर बंदी. अंबूबाई हे सगळं रागाने करत नव्हती. ती सुनेच्या शेजारी बसे, तिच्या पाठीवरून हात फिरवी आणि सांगे, "पोटात जागा एकच हाय गो. तितं भात राहील, नायतर पोर. दोन-तीन महिने कळ काढ. सुटलीस की मी तुला डिंकाचे लाडू करून घालीन, तूप ओघळेल असे." आणि सून अर्धी भाकरी खाते म्हणून तीही अर्धीच खाई. सासू उपाशी बसली की सुनेला भूक लागली म्हणायचीही सोय राहत नाही.

रुचिता काही बोलली नाही असं नाही. ती नवऱ्याला म्हणाली की मला चक्कर येते. हितेशने आईला सांगितलं. आईने काशीचं नाव घेतलं. काशीचं नाव घेतलं की त्या घरात पुढचं बोलणं थांबे, तसं थांबलं. हितेशने मनाशी ठरवलं की बायकांच्या गोष्टीत आपण पडू नये. बी.कॉम. झालेल्या माणसालाही हे वाक्य वेळेवर आठवतं.

उपकेंद्रातली नर्स मेघा आठवड्याच्या फेरीला आली, तेव्हा तिने रुचिताच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, वजनकाट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. वजन गेल्या फेरीपेक्षा उतरलं होतं. तिने लाल गोळ्या दिल्या, खायला घाला म्हणाली. अंबूबाईने तिच्यासाठी पडवीतल्या कोनाड्यातला कप काढला. मेघा बौद्ध होती. तिच्या चहाचा कप त्या कोनाड्यात वेगळा राही आणि तिने जाताना तो विसळून ठेवावा अशी अपेक्षा असे. ज्या घरात कप मिसळत नाही, तिथे सल्ला मिसळायला वेळ लागतो. अंबूबाईने तिच्यापुढे रिपोर्ट धरला. मेघाने तो वाचला आणि तिचाही आवाज खाली आला. तिच्याकडे एक टेप आणि एक काटा होता; समोर मशीन होतं, त्याखाली मोठ्या डॉक्टरांची सही होती.

जाताना ती हितेशला म्हणाली, "भाऊ, डॉक्टरांच्या वर मला बोलता येत नाय. पन तिला जेवाया घाला. निदान गोळ्या तरी."

गोळ्यांनी मूल जाड होतं, असं अंबूबाईला कुणीतरी सांगितलं होतं. गोळ्या गोठ्यामागच्या खड्ड्यात गेल्या.

मार्चमध्ये रुचिताचा भाऊ चांगो डोळखांबहून आला. बहिणीला पाहून त्याने तिचं मनगट चिमटीत धरून बघितलं. मग म्हणाला की चार दिवस माहेरी नेतो, वहिनी करील तिचं. रुचिताने नवऱ्याकडे पाहिलं. हितेशने आईकडे पाहिलं. अंबूबाई म्हणाली की तिकडे तुमी मायेपोटी घास भरवाल, आणि अडली की डोली आमच्या दारात आणाल. चांगो काय बोलणार? तो मुलीकडचा होता. नाचणीचं पीठ आणि सुकट भरलेली पिशवी ठेवून तो गेला. त्या पिशवीतली सुकट घरच्यांनी खाल्ली, छान होती.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी हितेश एसटीतून उतरून घरी आला. आई शेजारी गेली होती, महादू पारावर होता. रुचिता कुठे दिसेना, म्हणून तो गोठ्याकडे गेला. गायीचं घमेलं मध्ये होतं. एका बाजूने गाय खात होती आणि दुसऱ्या बाजूला रुचिता उकिडवी बसून त्यातली भिजलेली पेंड मुठीने तोंडात घालत होती. घाईने नाही, शांतपणे, गायीच्या बरोबरीने, जसं एका ताटात दोघी बहिणी जेवतात. गायीची तक्रार नव्हती.

हितेशला पाहून तिने हात पदराला पुसला नाही. नुसती म्हणाली, "गूळ असतो ना यात. आईंना सांगू नका."

त्याने सांगितलं नाही. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. म्हणजे त्याच्या ताटातला भात उरला आणि तो अंबूबाईने झाकून ठेवला, सकाळी गायीला घालायला. दुसऱ्या दिवशी त्याने मुरबाडहून डब्यात लपवून वडापाव आणला. तिने तो अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खाल्ला. पण इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटाला तेलकट सोसवलं नाही, आणि ओकारीचा आवाज लपवता येत नाही. अंबूबाई ओरडली नाही. तिने मुलासमोर हात जोडले. "तुला तुजी बायको जड झाली असंल तर तसं सांग बाबा. मला दुसरी काशी बगायची नाय." वडापाव पुन्हा आला नाही.

तेव्हा हितेशने, त्याच्या मानाने, धाडस केलं. आईपुढे आपलं चालत नाही, पण मशीनपुढे आईचं चालणार नाही, असा विचार करून तो मार्चच्या शेवटी रुचिताला पुन्हा सोनोग्राफीला घेऊन गेला. बाकड्यावर तिच्या शेजारी बसून तो मनातल्या मनात एकच मागत होता, की मशीनने म्हणावं, हिला खायला घाला.

डॉक्टरांनी पाहिलं, आकडे तारखेशी ताडून बघितले आणि त्यांचं समाधान झालं. मागच्या वेळी मोठं वाटत होतं, आता वाढ अगदी तारखेप्रमाणे बरोबर आहे, म्हणाले.

मूल खरं तर महिन्याने मोठं होतं आणि महिन्याने खुरटलं होतं. चुकीच्या तारखेला उपासमार मिळाली आणि दोन्ही मिळून हिशेब चोख जुळला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये असा ताळा जुळला की साहेब पाठ थोपटतात. रुचिताच्या पापण्या पाहून डॉक्टर म्हणाले की रक्त फार कमी आहे, खाणं वाढवा, गोळ्या चुकवू नका. तेही हितेशने घरी येऊन सांगितलं, या वेळी एकही शब्द न गाळता. पण अंबूबाईने एवढंच ऐकलं की मूल आवरलं. तिने देवाजवळ दिवा लावला. रक्ताचं काय, ते बाळंतपणानंतर भरून काढता येतं. अडलेलं मूल काढता येत नाही. सुनेच्या गालावरून हात फिरवून तिने बोटं मोडली आणि म्हणाली, "झालं गो, थोडंच राह्यलं." तिच्या हिशेबाने अजून दोन महिने होते. खरं तर एकच होता.

एप्रिलच्या अखेरीस, वाडीत भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजायचं काम चालू असताना, दुपारी रुचिताच्या पोटात कळा सुरू झाल्या. अंबूबाई घाबरली, दिवस भरले नाहीत म्हणून. गावातली जीप मिळाली. मुरबाडला त्याच डॉक्टरांच्या ओळखीच्या एका प्रसूतिगृहात पोचल्यावर फार वेळ लागलाच नाही. हितेश बाहेर चहा घेऊन उभा होता, तो चहा संपायच्या आत आई बाहेर आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मोकळी झाली रे. अडली नाय. अशी सुटली, जशी शेंग सुटते." मुलगी होती आणि अंबूबाईला त्याचंही काही वाटलं नव्हतं. तिने प्रसूतिगृहाच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. इतक्या वर्षांनी तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

आत रुचिता पांढऱ्या चादरीवर चादरीच्याच रंगाची पडली होती. तिने मुलीकडे पाहिलं आणि मग सासूला विचारलं, "आई, आता जेवले तर चालेल ना?"

"चालेल म्हंजे? काय पायजे ते खा." अंबूबाईने हितेशला पळवलं, दूध आण, शिरा आण, केळी आण.

तो सगळं घेऊन परत आला तेव्हा आत धावपळ चालू होती. रक्त जात होतं. फार नव्हे, तिथल्या डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. एवढं रक्त जाऊनही बाया संध्याकाळी उठून बसतात. पण हिच्या अंगात घालवायला काही नव्हतंच. मूल दोन किलोचंही नव्हतं. कुठल्या तारखेवरून आठवा धरलात, त्यांनी विचारलं. बाळाची नखं बोटांच्या पुढे आलेली, अंगावर लव नाही, कान कडक; हे पूर्ण दिवसांचं मूल आहे, उपाशी राहिलेलं. शेवटची पाळी कधी होती नक्की?

दिव्यांच्या अवसेला, हितेश म्हणाला. आणि ते बोलता बोलताच त्याला धोंड्याचा महिना आठवला.

रक्त कल्याणला मिळणार होतं. तिला गाडीत घातलं. हितेश तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. अंबूबाई पुढे, पदराखाली मूल आणि हातात दुधाचा पेला. गाडी हिसका खाई, दूध हिंदकळे, आणि ती तळहाताने पेला झाकून धरी. रस्त्यात रुचिता एकदाच बोलली. भूक लागली, म्हणाली. अंबूबाईने मागे वळून चमच्याने तिच्या ओठांशी दूध धरलं. ते ओठांच्या कडेने खाली आलं. रायत्याचा पूल यायच्या आधी तिचं डोकं हितेशच्या मांडीवर जड झालं. ड्रायव्हरला सांगायचं भान कुणाला राहिलं नाही. गाडी तशीच कल्याणच्या दिशेने जोरात जात राहिली.

वाडीने या सगळ्याचा अर्थ लावायला वेळ घेतला नाही. मूल दिवसांआधी आलं आणि तरी सुखरूप सुटलं; रुचिताचं आयुष्य तेवढंच होतं. बाराव्याला आलेल्या बाया अंबूबाईला सांगत होत्या की तू होतीस म्हणून पोर तरी वाचली, पोर चार किलोची असती तर दोन्ही जीव गेले असते. अंबूबाईला ते ऐकून धीर येई. ती रात्रंदिवस नातीला मांडीवर घेऊन बसे, कापसाची वात दुधात बुडवून तिच्या तोंडात पिळी. त्या मुठीएवढ्या जिवाला जगवायचा तिने चंग बांधला होता, आणि पोर जगत होती.

हितेशने घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तारखेचं नाही, पेंडीचं नाही, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही नाही. चांगोने विचारलं तेव्हा, रक्त गेलं, एवढंच सांगितलं. सांगून काय होणार होतं? आई त्या वातीच्या आधाराने उभी होती. तिला सांगायचं, की तू पहिलीला खाऊ घालून मारली नव्हतीस. दुसरीला मात्र उपाशी ठेवून मारलीस, मी चुकीची तारीख दिली म्हणून? त्याने ठरवलं की हे आपल्यापाशीच ठेवायचं. ते उदार वाटत होतं, आणि सोपंही होतं.

मे महिन्यात एका सकाळी शेजारची गोजर आली. तिची सून सावळी सातव्या महिन्यात होती. गोजर ओटीवर टेकली, पोरीला बघून चुकचुकली, पोरीच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं आणि मग मुद्द्यावर आली. सावळीची सोनोग्राफी काढली होती. मूल अंगाने थोर दिसतं, असं सांगितलंय. "आता तुजी सून कशी सुटली ते साऱ्या वाडीने बगितलं. सावळीची भाकरी तर अर्धी केलीच हाय, म्हटलं बाकीचं तुलाच इच्यारावं. नेमकं काय काय बंद करायचं?"

अंबूबाईने वात दुधात बुडवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर कामाच्या माणसाला येते तशी कळा आली. ती सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात दाराशी दाढी करत बसलेला हितेश बोलला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

"गोजरकाकी, रुचिता भुकेने मेली. आमी मारली तिला. मूल मोठं नव्हतंच. तारीख मी चुकीची सांगितली आनि आईने वाढलं नाय. मी बगत व्हतो. ती गायीची पेंड खायची."

गोठ्यात गाय व्यालेली होती. तिचं वासरू ढुशा देत पीत होतं, तेवढाच आवाज. अंबूबाईचा हात हवेत राहिला. वातीतून थेंब पोरीच्या गालावर पडला, दुसरा पडला, पोर तोंड उघडून त्या थेंबांना शोधू लागली. हितेशला वाटलं, आता आई कोसळेल. त्याने आरसा खाली ठेवला.

गोजरने पदर तोंडाला लावला. दुःखात मानूस काय बी बोलतं, असं ती पुटपुटली, आणि लहान मुलासमोरून विषय बदलावा तसं तिने हितेशकडे पाठ केली. मग आवाज उतरवून तिने अंबूबाईला विचारलं, "दूध कवापासून बंद केलंतं?"

अंबूबाईने मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत त्याने सांगितलेलं सगळं पोचलं होतं, हे हितेशला दिसत होतं. पण तिला उत्तर देणं भागच होतं. ती गप्प बसती, तर रुचिताही तिच्या पदरात पडली असती, आणि दोघींचं ओझं घेऊन या पोरीला मांडीवर धरायचं बळ तिच्यात नव्हतं.

"सातव्यापासूनच," ती म्हणाली आणि वात पोरीच्या तोंडात दिली.

हितेश उठला. टॉवेलने गालावरचा साबण पुसला, चपला घातल्या. कुठं निघालास, आईने विचारलं नाही. गोजर मागून, आरे पन तू कुटं, असं म्हणत धावली. दोन घरं सोडून तर जायचं होतं. मागे एकदा चांगो दारात बसला होता, तेव्हा बोलायला एकच वाक्य लागणार होतं आणि ते त्याला सुचलं नव्हतं. आताही काही फार सुचलं होतं असं नाही. त्या घरातलं कोण त्याचं ऐकणार होतं? ज्याने आपली बायको वाचवली नाही, त्याने शेजाऱ्याच्या सुनेला काय सांगावं, असं उद्या वाडी म्हणणार होती, आणि वाडीचं चुकीचंही नव्हतं. तरी तो गेला.

सावळी पडवीत भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होती. गालाची हाडं वर आलेली, हात मात्र भराभर चाललेले. परका पुरुष आला म्हणून तिने पदर सारखा केला आणि पाणी आणायला उठू लागली. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला आणि डोळे क्षणभर मिटले. हितेशने तिला बसायला सांगितलं. मागून गोजर धापा टाकत येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"सावळी," तो म्हणाला, "आज जेवलीस काय गो?"

सावळीने मान वर केली आणि उत्तर द्यायच्या आधी सासूकडे पाहिलं.